आरशातला दोष

हरेश ऐनकरला एकच कामाचा डोळा होता. उजव्या डोळ्यात बारा वर्षांपूर्वी ग्राइंडरच्या चाकाचा तुकडा उडून घुसला होता. तेव्हापासून त्या डोळ्याला उजेड कळायचा, समोर कुणी उभं आहे एवढं कळायचं, बाकी काही नाही. डाव्याला उणे नऊचा चष्मा. त्या डाव्या डोळ्यावर तो मोहोपाड्याच्या एका केमिकल कंपनीत फिटरचं काम करायचा, कडावहून रोज चौकमार्गे मोटारसायकलने जाऊन-येऊन. आणि त्याच डोळ्यावर त्याने घरच्या घरी दुर्बीण बनवली होती.

बनवली म्हणजे अगदी आरशापासून. आठ इंच रुंदीची जाड काच आणली, घरच्या परातीत मांडून तिच्यावर दुसरी काच ठेवली, मध्ये पाणी आणि घासायची पूड घातली आणि दीड वर्ष घासत राहिला. काचेला उथळ बशीसारखा खोलगटपणा आला, मग राळेच्या गादीवर तिला चकाकी आणली, मग मुंबईला पाठवून तिच्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा चढवून घेतला. नळी पाण्याच्या जाड पाइपाची, खालची बैठक प्लायवुडची. २०२०च्या दिवाळीत सगळं जोडून गच्चीवर उभं राहिलं तेव्हा त्याची बायको समिधा खालूनच म्हणाली, "झालं ना एकदाचं? आता माझी परात परत द्या."

समिधा गावातल्या दूध केंद्रावर सकाळ-संध्याकाळ फॅट मोजायला बसायची. आकाशाशी तिचं काही भांडण नव्हतं आणि काही नातंही नव्हतं. पण नवऱ्याने पहिल्यांदा तिला चंद्र दाखवला तेव्हा ती बराच वेळ नळीपासून हलली नव्हती.

हरेशला मात्र नुसतं बघून पुरेना. त्या वर्षी एकवीस डिसेंबरला गुरू आणि शनी इतके जवळ येणार होते की दोघं एकाच फोटोत मावले असते, आणि पुन्हा तसे यायला साठ वर्षं लागणार होती. त्याचं वय सेहेचाळीस. सूर्य बुडाल्यावर सव्वा-दीड तास, मग दोघं माथेरानच्या डोंगरामागे जाणार. तेवढ्या वेळात आपल्या हाताने घासलेल्या आरशातून एक फोटो काढायचा, एवढंच त्याला हवं होतं. लॉकडाऊनमुळे लग्नं बंद पडली होती, म्हणून कर्जतच्या एका लग्नवाल्या फोटोग्राफरने आपला जुना कॅमेरा विकायला काढला होता. तो हरेशने आणला.

पहिल्या संध्याकाळी कॅमेऱ्याच्या पडद्यावर नुसतं दुधासारखं पांढरं धुकं आलं. फोकसची चाकी पुढे फिरवली, मागे फिरवली, शेवटपर्यंत नेली, चंद्र काही जुळेना. डोळ्याने बघताना जुळायचा, कॅमेऱ्यात नाही. दोन दिवसांनी त्याच्या लक्षात आलं की प्रतिमा जिथे तयार होते ती जागा नळीतच राहते, कॅमेऱ्याच्या आत फोटो जिच्यावर उमटतो त्या पट्टीपर्यंत पोचत नाही. त्याने नळीला नवी भोकं पाडली, आरसा चार सेंटीमीटर पुढे आणून बसवला. चंद्र जुळला.

मग तारे त्रिकोणी यायला लागले. ते त्याने एका तासात ओळखलं. आरशाला धरणाऱ्या तीन चिमट्या त्याने फिटरच्या सवयीने करकचून आवळल्या होत्या आणि काच त्या तीन ठिकाणी दबत होती. चिमट्या कागद सरकेल इतक्या सैल केल्या. तारे गोल झाले.

तेव्हा तो खुशीत होता. जेवताना समिधाला म्हणाला, "मशीन खोटं बोलत नाय बग. काय दुखतंय ते सांगतंच, आपल्याला ऐकता आलं पायजे."

"आमच्याकडं दूध पातळ निघालं की मशीनलाच खोटं ठरवणारे रोज दोघं येतात," समिधा म्हणाली.

तिसरा दोष नोव्हेंबरच्या चौथ्या रविवारी दिसला. उजेडात सराव करावा म्हणून त्याने दुर्बीण डोंगराच्या पायथ्याच्या विजेच्या टॉवरवर लावली आणि फोटो काढला. टॉवरचा सरळ पाय मधोमध पोट आल्यासारखा बाहेर वाकला होता. आणि चौकटीच्या अगदी मध्यावर, जिथे सगळ्यात स्वच्छ दिसायला हवं, तिथे बोटाने पुसल्यासारखा करडा डाग होता.

त्याने कॅमेऱ्याच्या आतली पट्टी साफ केली. डाग राहिला. उजेड बाजूला वळवणारा वरचा छोटा तिरका आरसा काढून पुन्हा बसवला. डाग राहिला. नळीला आतून काळा रंग दिला, आरसा थंड राहावा म्हणून मागे कॉम्प्युटरचा जुना पंखा लावला, कॅमेरा नळीला जोडायची कडी लेथवर नवीन काढून आणली. रोज संध्याकाळी कामावरून आला की हातपाय धुऊन गच्चीवर, आणि रोज तेच. गुरूवर लावावं तर गुरू मधून चिरडलेला. सगळ्या फोटोंत बाजूच्या गोष्टी बऱ्या, मधलं मेलेलं.

दुर्बीण बनवणाऱ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. टॉवरचा फोटो त्याने तिथे टाकला. बदलापूरच्या प्रवीणचा लगेच फोन आला. प्रवीणने स्वतः चार आरसे घासले होते.

"हरेशभाऊ, फोटो झकास आलाय. टॉवरचे बोल्ट मोजता येतात."

"मधला वाक बघितला का?"

"कुठला वाक?"

"पाय बघ ना टॉवरचा. पोट आलंय."

"मी मोठा करून बघतोय. सरळ आहे हो. तुम्हाला त्यात वाकडं काय दिसतंय?"

हरेशने फोन ठेवला. नव्या माणसाला बरं वाटावं म्हणून ग्रुपवर सगळेच छान छान म्हणतात, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं.

डिसेंबर लागला. कंपनीत प्रेशर गेजचा काटा वाचताना त्याला मान थोडी वाकडी करावी लागायची. पेपरमधल्या शब्दाचं मधलं अक्षर गायब व्हायचं आणि नजर हलवली की परत यायचं. चौकच्या रस्त्यावर मधली पांढरी पट्टी चाकाच्या पुढे सापासारखी हलायची. चष्म्याचा नंबर वाढला असेल, एकवीस तारीख झाली की बघू, असं तो म्हणत राहिला. दुसरंही एक कारण होतं आणि ते तो स्वतःशीसुद्धा उच्चारत नव्हता. जानेवारीत कंपनीची वार्षिक तपासणी असायची. उजवा डोळा गेलेला सगळ्यांना माहीत होता. डाव्याबद्दल कागदावर एक ओळ पडली तर फिटरला कोण ठेवून घेणार होतं?

आरशात दोष असेल तर तो घासून काढता येतो. म्हणून दोष आरशातच असायला हवा होता.

तेरा तारखेच्या रविवारी त्याने चांगोला घरी बोलावलं. चांगो वाडीवरचा ठाकूर, कंपनीत कंत्राटावर कामाला, हरेशच्या हाताखाली पाना-पक्कड द्यायचा. माणूस कमी बोलायचा आणि त्याला खोटी स्तुती करता यायची नाही, हे हरेशला पक्कं ठाऊक होतं.

"चांगो, हितं डोळा लाव. टॉवर बघ. काय दिसतं ते सांग, मला बरं वाटंल असं काय बोलू नको."

चांगोने डोळा लावला. हरेश चष्मा काढून बघायचा, म्हणून चांगोला आधी सगळं धूसर दिसलं. त्याने चाकी फिरवली.

"दिसतं का रं?"

"वरून तिसऱ्या दांडीवर घार बसलीय, दादा. मान मागं करून पंखातली पिसं साफ करतीय." तो हसला. "एक पाय वर घेतलाय तिनं."

हरेशने त्याला बाजूला सारलं, चाकी आपल्यासाठी फिरवली, डोळा लावला. वरून तिसरी दांडी होती. ती मध्ये तुटलेली होती आणि तुटल्या जागी करडं काहीतरी होतं. घार नव्हती.

"उडाली असंल."

चांगोने कपाळावर हात धरून नुसत्या डोळ्यांनी डोंगराकडे बघितलं. "नाय. हाय की अजून."

"दांडी वाकडी दिसती का सरळ?"

"सरळच हाय. लोखंड कसं वाकंल?" मग हरेशच्या चेहऱ्याकडे बघून तो सावकाश म्हणाला, "दादा, डोळं दाखवा एकदा कुणाला तरी."

"तुला दुर्बिणीतलं काय कळतंय रं!" हरेश ओरडला. चांगोने चहाचा कप कठड्यावर ठेवला, चपला घातल्या आणि जिना उतरून गेला.

त्या दिवशी दुपारी हरेशने आरसा नळीतून बाहेर काढला. समिधा दूध केंद्रावर जायला निघाली तेव्हा तो मोरीत परात घेऊन बसला होता, हातात रबरी मोजे आणि परातीत कॉस्टिक सोड्याचं पाणी.

"हे काय करताय तुमी?"

"मुलामा काढतोय. आरशाच्या मधे उंचवटा हाय. परत घासायला लागंल."

"अवो, आठ दिवसांवर तर आलंय. आणि तुमीच म्हणाला व्हता, मुलामा निघाला की मुंबईला परत पाठवाय लागतं म्हणून. मंग आता?"

"आता काय नाय, समिधा. मला मधलं दिसत नाय त्यातून! कळतं का तुला?"

तिने त्याच्याकडे बघितलं. पण परात आधीच कलली होती. चांदीसारखा मुलामा कडेपासून काळपट होत, फेसाळत, धुऊन निघाला. दोन मिनिटांत परातीत साधी हिरवट काच उरली.

पुढचे चार दिवस तो कामावरून आला की राळेची गादी घेऊन बसायचा. गादीवर चकाकी आणणारी सिरियमची गुलाबी पूड, पाणी, आणि वर काच. शंभर हात मारायचे आणि तपासायचं. तपासणीची रीत साधी होती. आरशासमोर बारीक दिवा ठेवायचा, आरशातून परत येणाऱ्या उजेडात दाढीच्या पात्याची धार हळूहळू सरकवायची आणि आरशावर कशी सावली पडते ते बघायचं. सपाट करडी सावली म्हणजे आरसा चांगला. मध्ये टेकाडासारखं काही दिसलं तर तिथे काच जास्त आहे.

त्याला टेकाड दिसायचं. मधोमध. तो अंगठ्याएवढी छोटी गादी घेऊन फक्त मध्यावर घासायचा, पुन्हा बघायचा. टेकाड तिथेच. आणखी घासायचा. बुधवारी त्याच्या हाताची सालटं निघाली. गुरुवारी त्याने कंपनीत आजारी असल्याचं कळवलं आणि दिवसभर घासलं. संध्याकाळी टेकाड जसंच्या तसं होतं, आणि त्याने पातं लाकडात रोवलं होतं ती फळी उचलून भिंतीवर आपटली. समिधा स्वयंपाकघरातून धावत आली. तो जमिनीवर बसून दोन्ही हातांनी डोकं धरून म्हणत होता, "जात नाय गं. काय केलं तरी जात नाय."

तिने त्याच्या हाताला हळद लावली. त्या रात्री दोघं नीट जेवली नाहीत.

शुक्रवारी, अठरा तारखेला, त्याने शेवटचा उपाय करायचा ठरवला. मुलामा नसला तरी साधी काचही थोडा उजेड परत फेकते. उन्हात बघायला तेवढा पुरतो. त्याने आरसा नळीत बसवला. समोरच्या बांधावरच्या आंब्याला गवंड्याचा ओळंबा टांगला, पांढऱ्या दोऱ्याला पितळी वजन. ओळंब्याचा दोरा जगात सगळीकडे सरळच असतो. टॉवरचं लोखंड कुणी वाकवलं असेल, दोरा कोण वाकवणार?

डोळा लावला. दोरा मध्ये वाकडा होता आणि वाकाच्या पोटात तुटलेला होता.

इथे मात्र तो पुन्हा फिटर झाला. पंपाचा आवाज कुठून येतो ते शोधताना तो नव्या पोरांना शिकवायचा, एका वेळी एकच भाग फिरवायचा. दोष ज्या भागात असेल त्याच्यासोबत तोही फिरतो. महिनाभर त्याने सगळं काढून बसवलं होतं, पण हे केलं नव्हतं. त्याने आरसा नळीत पाव फेरा फिरवला. वाक आरशात असता तर तोही पाव फेरा फिरला असता. वाक होता तिथेच होता. त्याने वरचा छोटा आरसा बदलून बघितला. वाक तिथेच. बघायचं भिंग गोल फिरवलं. तिथेच.

आता फिरवायला काही उरलं नव्हतं. तो थोडा वेळ भिंगावर डोळा ठेवून तसाच उभा राहिला. मग त्याने मान उजव्या खांद्याकडे कलवली.

वाक कलला.

त्याने मान डाव्या खांद्याकडे नेली. वाक डावीकडे कलला, करडा डागही त्याच्याबरोबर. त्याने नळीवरून डोकं उचललं, चष्मा घातला, उजव्या डोळ्यावर तळहात दाबला आणि नुसत्या डोळ्याने आंब्याकडे बघितलं. दोरा वाकडा होता.

समिधा दूध केंद्रावरून आली तेव्हा तो गच्चीच्या पायरीवर बसला होता. उन्हं उतरली होती.

"समिधा, जरा माझ्यासमोर उभी राहा."

"काय झालं?"

"राहा ना."

ती हातातली किटली घेऊन उभी राहिली. त्याने उजवा डोळा झाकला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. कपाळावरची टिकली दिसली, हनुवटी दिसली. त्यांच्या मध्ये काही नव्हतं.

"तुझं तोंड नाय दिसत मला," तो म्हणाला आणि रडायला लागला. "आरसा चांगला व्हता गं. चांगला व्हता. मी खणला त्याला."

समिधाने किटली खाली ठेवली. तिला आरशाचं काही ऐकू येत नव्हतं. "कवापासून?" तिने विचारलं. "कवापासून दिसत नाय तोंड?"

सकाळी शेजाऱ्याच्या टेंपोतून ती त्याला पनवेलला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरबाईंनी त्याच्या हातात चौकटी-चौकटी आखलेला कागद दिला आणि कुठल्या रेषा वाकड्या दिसतात ते पेन्सिलने दाखवायला सांगितलं. त्याने मधल्या सगळ्या दाखवल्या. मग बाहुल्या मोठ्या करायचे थेंब, मग मशीनवर हनुवटी, मग डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो. डॉक्टरबाईंनी तो फोटो दोघांना दाखवला. एक सलग थर होता आणि मध्ये त्याला खालून फुगा आला होता.

"जास्त नंबर असलेल्यांना कधीकधी होतं हे. पडद्याच्या मागे नको तिथे नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि झिरपतात. त्याने मधली नजर जाते. किती दिवस झाले?"

"चार आठवडे," हरेश म्हणाला.

"चार आठवडे काय करत होतात?"

त्याने सोललेले हात मांडीखाली घेतले.

"पहिल्या आठवड्यात आला असतात तर जास्त वाचलं असतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, आणि त्यामुळे हरेशला ते जास्त लागलं. "आता डोळ्यात इंजेक्शन द्यायचं. आज कोविडची तपासणी करून जा, सोमवारी दुपारी या. अशी निदान तीन लागतील. पुढे पसरणं थांबेल असं धरून चालू. गेलेलं किती परत येईल ते मला आत्ता सांगता येणार नाही."

"सोमवारी एकवीस तारीख," हरेश म्हणाला.

"मग?"

"काय नाय."

सोमवारी दुपारी इंजेक्शन झालं. डोळ्यावर जाड पट्टी बांधून त्याला समिधाने हाताला धरून बाहेर आणलं. उजव्या डोळ्याला पनवेलचा रस्ता म्हणजे हलणारे उजळ-काळे पट्टे. कडावला पोचले तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. समिधाने त्याला खाटेवर बसवलं, चहा दिला आणि दूध केंद्रावर फोन करून सांगितलं की आज दुसऱ्या कुणाला तरी बसवा. मग ती म्हणाली, "चला वर."

"कशाला?"

"ज्याच्यासाठी महिनाभर जीव टाकला ते आज हाय ना?"

"आरसा खणलेला हाय. मुलामा नाय त्याला. काय यायचं नाय त्यात."

"ते मला बघू द्या. तुमी नुसतं सांगा काय करायचं."

गच्चीवर तिने त्याला खुर्चीत बसवलं. नैर्ऋत्येला आकाश अजून लालसर होतं आणि त्यात एक मोठा ठिपका आणि त्याला चिकटलेला एक बारीक ठिपका तिला नुसत्या डोळ्यांनी दिसला. नळीवर गाल ठेवून ती नेम धरायला लागली. खुर्चीतला माणूस आंधळ्यासारखा नळीच्या आवाजाकडे तोंड करून बसला होता.

"काय दिसतंय पडद्यावर?"

"काळं."

"नळी जरा वर उचल. तसूभर."

"काळंच... थांबा. गेलं काहीतरी. आलं! मोठी भाकरीसारखी फिकट गोल हाय, मधे भोक."

"म्हणजे फोकस बाहेर हाय. चाकी आत घे. भाकरी बारीक व्हते का मोठी?"

"बारीक."

"घे अजून. हळू."

असं चाललं. पहिल्या फोटोत दोन रेघा आल्या, कारण तिने बटण दाबताना नळी हलली. त्याने टायमर लावायला सांगितलं. दुसरा पूर्ण काळा आला, कारण बिनमुलाम्याच्या काचेत उजेडच कमी. त्याने तिला आकडे वाचायला लावून ते वाढवून घेतले. तिसऱ्यात दोन ठिपके आले, पण मोठ्या ठिपक्याभोवती राखेसारखं वलय होतं.

"वलय कसं हाय? एका बाजूला का सगळीकडं?"

"सगळीकडं. धुरावानी."

तो धूर हरेशने स्वतः केला होता. मधे खणलेला खड्डा उजेड भलतीकडे फेकत होता. साडेसात व्हायला आले असतील, समिधाला डोंगराची कड ग्रहांच्या जवळ येताना दिसत होती. तो अचानक खुर्चीतून उठला, कठड्याला धडकला.

"बसा तुमी! काय पायजे?"

"काळा कागद. गोल काप, बशीएवढा नको, चहाच्या कपाच्या तोंडाएवढा. आरशाच्या बरोबर मधे चिकटव. तसंही वरच्या छोट्या आरशाची सावली मधेच पडते, तेवढी जागा कामाची नसतेच. मी खणलंय ते तिथंच."

ती खाली धावली. कागद नव्हता. दारामागच्या काळ्या छत्रीचं फाटलेलं कापड कापून, त्याला पिठाची खळ लावून ती वर आली. बॅटरी तोंडात धरून तिने नळीच्या मागून आरसा काढला, कापडाची चकती मधोमध बसवली आणि आरसा पुन्हा चढवला. "चिमट्या आवळू नको," तो सारखा म्हणत होता, "कागद सरकंल इतकंच." पुन्हा नेम, पुन्हा चाकी. डोंगराची कड बोटभर उरली होती.

टायमर टिकटिकला. कॅमेरा खटकला.

समिधा पडद्यावर वाकली.

"काय? काय आलं?"

"वलय नाय आता." तिने फोटो मोठा केला. "मोठा हाय तो गोल हाय. त्याच्यावर दोन पुसट पट्टे. बाजूला एका ओळीत तीन बारीक ठिपके. आणि दुसरा... दुसरा लांबट हाय. दोन्ही बाजूंना कान काढल्यागत."

"गुरूचे चंद्र, आणि शनीचं कडं... खरं सांग."

"खरंच सांगते."

"मोठा गोल हाय? बाजू चेपलेली नाय?"

"गोल हाय."

त्याने हात पुढे केला. तिने कॅमेरा त्याच्या हातात दिला. त्याने तो डोळ्यावरच्या पट्टीजवळ नेला, मग उजव्या डोळ्याजवळ. एक उजळ चौकोन, एवढंच. तो कॅमेरा मांडीवर घेऊन बसला. तिचं खरं मानण्यावाचून त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं. महिनाभरात दोन माणसांनी त्याला खरं सांगितलं होतं आणि त्याने एकाचंही मानलं नव्हतं. हे आता त्याला कळत होतं, आणि त्या कळण्याने काही बरं वाटत नव्हतं. समिधाने आणखी दोन फोटो काढले. ते हलले. मग ग्रह डोंगरामागे गेले.

जानेवारीच्या तपासणीला तो स्वतःच दवाखान्याचे कागद घेऊन गेला. फिटरचं काम गेलं. स्टोअरमध्ये नट-बोल्ट, पॅकिंग, सील हाताने चाचपून देण्याचं मिळालं. मोटारसायकल चुलतभावाने नेली. चौक नाक्यापासून कंपनीपर्यंत चांगो त्याला आपल्या गाडीवर घ्यायचा. माफी मागायला हरेशला तीन आठवडे लागले. चांगो म्हणाला, "असू दे, दादा," आणि गाडी चालू केली.

मार्चमध्ये तिसरं इंजेक्शन झालं. एप्रिलच्या तपासणीत त्याने तक्त्यावरच्या चार ओळी वाचल्या. पाचव्या ओळीला अक्षरं मधून फाटली. डॉक्टरबाईंनी पडद्याचा नवा फोटो बघितला आणि सांगितलं की झिरपणं थांबलंय, पण मधला डाग आता असाच राहील. याहून फार काही परत यायचं नाही. त्याने मान हलवली. हे त्याला स्वतःलाच दोन महिन्यांपासून माहीत होतं.

परतीच्या एसटीत दोघं बाजूबाजूला बसले. शेडुंग गेलं. तो खिडकीकडे तोंड करून होता.

"आता काय?" समिधाने विचारलं.

"नवी काच आणायची म्हणतोय. जुनी फार खोल गेलीय मधे. दहा इंची आणू."

"आणि त्यातून बघणार कोण?"

"तू."

चौकला बरीच माणसं चढली, एक बाई करवंदांची पाटी घेऊन त्यांच्या पायाशी बसली. गाडी घाटाच्या बाजूला वळली, पुन्हा सपाटीला आली. कर्जतला उतरताना समिधाने त्याचा हात धरला, पायरी दाखवली आणि म्हणाली, "आठच इंच. दहाची मला उचलायची नाय."